चकती कशासाठी होती

॥ श्री ॥

येलहंका, बेंगळूरु
९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव वादिराज यास,

अक्काचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा थंडीत स्वल्प कुरकुरतो, पण तक्रार करावी असं काही नाही. हवाईदलाच्या तळावर विमानांचा सराव सुरू झालाय, दिवसभर खिडक्या थरथरतात. शेजारच्यांचं कुत्रं पलंगाखालून बाहेर यायला तयार नाही. तुझ्यासाठी वरच्या खोलीला रंग काढून घेतला. न्हाणीघरातला नळही बदलला. तुझी तब्येत सांभाळ, मुलांना माझे आशीर्वाद सांग.

तुझा निरोप मिळाला. हेब्बाळच्या केंद्रातल्या लोकांनी प्रयोगशाळेच्या नामकरणाचा कार्यक्रम पुढे ढकललाय, कारण नीट सांगत नाहीत, तू जवळच राहतेस तर जरा चौकशी कर, असं तू म्हटलंस. केली. खरं म्हणजे करावी लागली नाही, मला सगळं आधीच माहीत होतं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच 'हो अक्का, हो अक्का' करतोस आणि माझं वाक्य पुरं होत नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

पहिल्यापासून सांगते.

डिसेंबरात शमिका नावाची एक मुलगी माझ्याकडे आली. पुण्याची आहे, त्या क्वांटम केंद्रात संशोधन करते. मुख्य प्रयोगशाळेला तुझं नाव द्यायचं म्हणून दर्शनी भागात तुझ्यावर छोटं प्रदर्शन मांडायचं होतं, आणि तुझे लहानपणीचे फोटो हवे होते. माझं मराठी ऐकून तिला हसू येत होतं. "काकू, तुम्ही 'बरं'ला 'सरी' म्हणता ते किती क्यूट आहे," म्हणाली. मी तिला कॉफी दिली. तुझा मुंजीतला फोटो दिला, आणि अण्णांच्या मांडीवर बसून रडतोयस तोही.

फोटो पिशवीत ठेवता ठेवता ती म्हणाली की जुन्या संस्थेच्या गोदामातून तुझ्या प्रसिद्ध प्रयोगाचं मूळ टेबल त्यांनी आणलंय. नुसतं काचेत ठेवण्यापेक्षा लोकांसमोर चालवून दाखवायचा तिचा विचार होता. "पण चालतच नाहीये, काकू. लेझर नवा आहे, डिटेक्टर नवे आहेत. जुळे प्रकाशकण येतात, पण त्यांच्यातलं नातं दिसत नाही. आमचं काय चुकतंय तेच कळत नाही."

मी विचारलं, "लेझर आणि स्फटिकांच्या मध्ये एक रिकामा स्टँड आहे का?"

"आहे. आम्हाला वाटलं एक्स्ट्रा आहे."

"त्यात एक चकती बसते. क्वार्ट्झची, रुपयाएवढी. सुट्या भागांच्या डब्यात असेल, शोध."

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "काकू, तुम्हाला हे कसं माहीत?"

"मला विचारू नको. ती चकती कशासाठी आहे ते वादिराजला विचार. प्रयोग त्याचा आहे ना."

आता थोडं थांबून एक दुरुस्त करते. फोटोंसाठी ती माझ्याकडे आली असं मी वर लिहिलं. माझ्याकडे फोटो आहेत हे तिला कोण सांगणार? तुझ्या नावाच्या प्रयोगशाळेची बातमी मी पेपरात वाचली, दुसऱ्या दिवशी केंद्रात फोन केला आणि म्हटलं, मी वादिराजची मोठी बहीण, हवं तर घरी येऊन फोटो घेऊन जा. ते टेबल गोदामातून निघालंय हेही त्याच बातमीत होतं. म्हणजे हे माझ्या हातून सहज घडलं असं समजू नकोस. मी विसरले असं तू धरून चाललास. मी विसरले नव्हते, वाट बघत होते.

ते टेबल मी उभं केलं होतं, हे तुला आठवत असेलच. संस्थेच्या तळघरात. लिफ्ट वर-खाली झाली की सगळं हलायचं, म्हणून इथल्या शिवाजीनगरातून स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणून, त्यांत हवा भरून, त्यांवर दगडी फरशी ठेवली. तरी हलायचंच. मग रविवारी लिफ्ट बंद असायची तेव्हा काम करायची. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणायचे, आपल्याकडे हे व्हायचं नाही, तुम्ही कागदावरचा एखादा प्रश्न घ्या. मी घेतला नाही. प्रकाशाचा एक कण फुटून त्याचे दोन होतात, ते दोघे खोलीच्या दोन टोकांना जातात, आणि एकाला मोजलं की दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, हे मला कागदावर नको होतं. डोळ्यांनी बघायचं होतं. दोन पातळ स्फटिक पाठीला पाठ लावून बसवायचं मला सुचलं, आणि त्यांच्याआधी ती चकतीही. तेव्हा जगात असं कोणी करत नव्हतं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. तुझ्या सत्कारांमध्ये हेच वाक्य तुझ्याबद्दल वाचून दाखवतात.

तू अमेरिकेतून सुट्टीला आला होतास. चार रविवार माझ्याबरोबर आलास, ट्यूबमध्ये हवा भरलीस, टॉर्च धरलास. मग अण्णांना पक्षाघात झाला. मी इस्पितळात, अम्मा घरी. माझ्या लेखाचा मसुदा तू मागितलास. "अक्का, मी तिकडून पाठवतो, तिकडून गेला की लवकर छापतील." इस्पितळाच्या व्हरांड्यात, मी अण्णांचा शर्ट पिळत होते तेव्हा. मी म्हटलं, ने.

छापून आला तेव्हा त्यावर तुझं आणि तुझ्या प्राध्यापकांचं नाव होतं. शेवटी बारीक अक्षरांत, उपकरणांच्या मदतीबद्दल कुमारी अहल्या यांचे आभार.

मी अण्णांना दाखवला. त्यांची वाचा निम्मी गेली होती. ते जेमतेम म्हणाले, "तोही आपलाच." अम्मा म्हणाली, तुझं लग्न झाल्यावर तुला काय करायचंय ते. मार्गदर्शक म्हणाले, हा निष्कर्ष आता प्रसिद्ध झाला, यावर पदवी मिळणार नाही, दुसरा विषय शोधा. आजारी बाप घरात असताना मी दुसरा विषय शोधला नाही. मल्लेश्वरमच्या मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथेच निवृत्त झाले. कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत मुलींना घेऊन तोच प्रयोग मी पुन्हा उभा केला होता. लेझर स्वस्त झाले तेव्हा. जुळे आले. मुली आनंदाने नाचल्या. त्याची बातमी कुठे आली नाही आणि मीही ती कुठे दिली नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण आपल्या दोघांमध्ये हे शब्दांत कधीच आलं नाही. तू दर गणपतीला फोन केलास, शाली पाठवल्यास. मी शाली वापरल्या.

आता जानेवारीतला तो व्हिडिओ कॉल. प्रदर्शनासाठी तुझी मुलाखत हवी म्हणून शमिकाने लावला होता. तू निळा स्वेटर घातला होतास, मागे पुस्तकांचं कपाट. समोर तुला दिसत होते ते केंद्राचे संचालक भगवंतराव, शमिका आणि काही विद्यार्थी. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, एसीखाली एका स्टुलावर मी बसले होते. तुला दिसले नाही. मीच त्यांना सांगितलं होतं की माझा उल्लेख करू नका, तो संकोचेल.

शमिकाने अगदी सरळ विचारलं, "सर, स्फटिकांच्या आधी ही क्वार्ट्झची चकती कशासाठी होती?"

तू चष्मा पुसलास. मग म्हणालास, "ती? बाहेरचा प्रकाश अडवायला. डिटेक्टरना जपायचं असायचं. त्या काळी आपल्याकडे चांगले फिल्टर कुठे मिळायचे." आणि हसलास. तेही हसले.

तुला ठाऊक नव्हतं, कारण तू नेलेला मसुदा चकतीचा परिच्छेद लिहायच्या आधीचा होता. तिचा कोन मला अजून पक्का करायचा होता. म्हणूनच तिकडच्या लोकांना तुझा प्रयोग पुन्हा करताना इतकी वर्षं लागली, आणि तू म्हणायचास की त्यांचे हात बरोबर नाहीत.

पण उत्तर चुकलं म्हणून मी उठले नाही, वादिराज. हे नीट वाच. मी मनाशी ठरवून बसले होते की तू एकदा माझं नाव घेतलंस तर मी कॅमेऱ्यासमोर येईन, हसेन, आणि चकतीचं उत्तर तुझ्या वतीने देईन. लोकांना वाटेल बहीण-भावांनी मिळून केलं. प्रयोगशाळेला तुझं नाव लागेल आणि मी पहिल्या रांगेत बसेन. त्यासाठी शमिकाला मी दुसरा प्रश्नही सांगून ठेवला होता. तिने तो विचारला. "सर, त्या दिवसांत तुमच्याबरोबर कोणी होतं का?"

तू विचार केलास. मी बघत होते, तू खरोखर विचार केलास. मग म्हणालास, "नाही. मी एकटाच. हां, माझी थोरली बहीण होती, ती रविवारी फ्लास्कमधून कॉफी आणायची. फार चांगली कॉफी करते ती."

मग तू हात हलवलास, आणि पडदा काळा झाला.

मी स्टुलावरून उठले. भगवंतरावांना म्हटलं, "चकतीचं उत्तर चुकलं. दाखवते." आणि दाखवलं. जुळे कण या स्फटिकात जन्मतात किंवा त्या स्फटिकात. येण्याच्या वेळेतल्या किंचित फरकावरून ते कुठल्या स्फटिकातले हे ओळखता आलं, तर त्यांच्यातलं नातं दिसत नाही. चकती तो फरक पुसते. आज सगळे तो स्फटिकांच्या नंतर पुसतात, मी आधीच पुसला होता, म्हणून कोणाला ती ओळखू आली नाही. शमिकाने चकती स्टँडमध्ये बसवली होती, पण सरळ. मी ती कलती केली. पडद्यावरचे आकडे वर चढले. पुन्हा सरळ केली, पडले.

भगवंतराव भला माणूस आहे. इथल्या रीतीने मला अम्मा म्हणत त्याने तुझी बाजू घेतली. "अम्मा, चाळीस वर्षं झाली. कोणीही विसरेल."

"सरी," मी म्हटलं. "मग हे सगळं मोडा. आरसे, स्टँड, स्फटिक, सगळं काढून टेबल रिकामं करा. मी पुन्हा लावते. आणि वादिराज येईल तेव्हा त्यालाही रिकामं टेबल द्या."

त्यांनी मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले आणि बसले. खालचे स्क्रू फिरवायला गुडघा वाकत नाही, तेवढे शमिकाने फिरवले. बाकी माझे हात. मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला जांभळा रंग पूर्वीपेक्षा चांगला दिसतो, ही एक गंमत. जेवायच्या सुट्टीत विद्यार्थी डबे घेऊन तिथेच बसले, बाहेर गेले नाहीत. संध्याकाळी जुळे आले. पहिल्यांदा आले होते त्यापेक्षा स्वच्छ.

भगवंतराव टेबलापाशी आले. म्हणाले, "अम्मा, हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?"

"आधी कोणी विचारलं?"

त्यानंतर त्यांनी तुला पत्र लिहिलं. चकतीबद्दल, मूळ मसुद्याबद्दल, साधे प्रश्न. तू उत्तर दिलंस की प्रकृती ठीक नाही आणि जुन्या गोष्टी आठवत नाहीत. ते उत्तर समितीसमोर गेलं. पुढे ढकललंय असं तुला सांगितलं ती केवळ सभ्यता. कार्यक्रम होणार नाही. पाटी तयार होती, ती मी पाहिली, काळ्या दगडावर पितळेची अक्षरं. ती लागणार नाही. लेख छापणाऱ्या नियतकालिकालाही केंद्राकडून कळवलं गेलंय.

त्यांनी मला विचारलं, मग तुमचं नाव देऊ का? मी नको म्हटलं. भगवंतरावांना तो विनय वाटला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. विनय नव्हता तो. मला त्या भिंतीवर माझं नाव हवं होतं असं नाही, तुझं नको होतं. या दोन इच्छा वेगळ्या आहेत, आणि माझी कुठली ते मला चांगलं कळतं.

त्या संध्याकाळी हेब्बाळहून ऑटोने आले. उड्डाणपुलावर गाड्या तुंबल्या होत्या, रिक्षावाला वैतागला होता. मी त्याला म्हटलं, सावकाश जाऊ दे. वाटेत उतरून एकटीने मसाला दोसा खाल्ला. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. तुला वाईट वाटावं म्हणून हे सांगत नाही. वाईट वाटलं तर मात्र चालेल.

चौकशी कर म्हणालास, ही ती चौकशी.

अक्का


येलहंका, बेंगळूरु
२३ मार्च २०२५

वादिराज,

तुझा निरोप फोनवर वाचला. "अक्का, एकदा सांगितलं असतंस तर मी तुझं नाव घातलं असतं." दोनदा वाचला. तुझ्या लक्षात येतंय का तू काय लिहिलंस? माझ्या कामावर माझं नाव घालण्यासाठी मी तुला विनंती करायची होती. आणि तू ती मान्य केली असतीस. तू मनाने दुष्ट नाहीस हे मला या एका वाक्यावरून पटलं. दुष्ट असतास तर सोपं झालं असतं. तुला खरंच वाटत आलंय की ते तुझं होतं आणि तू मला त्यातलं थोडं देऊ शकला असतास.

भगवंतरावांकरवी तू दोघांची नावं एकत्र द्यायचं सुचवलंस, तेही कळलं. मी त्यालाही नको म्हटलं. प्रयोगशाळेला आता कोणाचंच नाव नाही. दारावर खोलीचा क्रमांक आहे. दर बुधवारी मी तिथे जाते. शमिका तिसरा कणही त्या नात्यात बांधायच्या मागे आहे. तिच्या मांडणीत चूक आहे असं मला वाटतं, ती म्हणते नाही, आम्ही भांडतो. नवा लेख होईल तेव्हा नावं कोणत्या क्रमाने लावायची ते तिने सुरुवातीलाच विचारून घेतलं. हुशार आहे.

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी तू आलास.

मला न कळवता आलास, म्हणजे मी नाही म्हणू नये. सकाळची वेळ होती. गेटापाशी टॅक्सी थांबली, तू उतरलास. वाकलायस तू. उतरताना दाराला धरून थोडा थांबलास, अण्णा थांबायचे तसा. घंटा वाजवलीस. पुन्हा वाजवलीस. "अक्का" म्हणून हाक मारलीस, लहानपणी शाळेतून आल्यावर मारायचास तशी, शेवटचं अक्षर ओढून. शेजारच्या बाई बाहेर आल्या. तू त्यांना कानडीत विचारलंस की अक्का कुठे गेल्या. त्या म्हणाल्या, बाहेर गेल्या असतील. तू पायरीवर बसलास. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला तेव्हा उठलास.

मी बाहेर गेले नव्हते. वरच्या खोलीत होते, तुझ्यासाठी रंगवलेल्या. खिडकीच्या पडद्यामागे उभी राहून सगळं पाहत होते. तू पायरीवर बसलास तेवढा सगळा वेळ मी उभीच होते, गुडघा दुखत असूनही.

हे तुला कळावं म्हणून हे पत्र. अक्का घरी नव्हती म्हणून भेट झाली नाही, अशी समजूत घेऊन तू परत जाशील आणि चार लोकांना तसंच सांगशील. तसं सांगू नकोस. ती घरी होती.

का उघडलं नाही तेही सांगते. रागाने नाही. राग मी हेब्बाळला टेबलावर पुरता वापरला, तो आता उरला असेल असं वाटत नाही. मला माझी भीती वाटली. दार उघडलं असतं तर तुझा चेहरा पाहून मी आधी विचारलं असतं, जेवलास का. मग आत घेतलं असतं. सारू-भात वाढला असता, वर तूप. तू जेवताना अम्माबद्दल काहीतरी बोलला असतास, आणि अम्माबद्दल बोलायला आता जगात तू आणि मी एवढेच आहोत. मी हसले असते. जेवण होईपर्यंत सगळं मिटलं असतं. आपल्या घरात सगळं असंच मिटत आलंय, वाढणाऱ्याच्या हातून. या खेपेला मिटू द्यायचं नव्हतं.

म्हणून पडद्यामागे उभी राहिले, आणि टॅक्सी वळणावरून जाईपर्यंत खाली उतरले नाही.

पुन्हा येऊ नकोस. आलास तर दुसऱ्यांदा मला जमेल की नाही, सांगता येत नाही.

अजूनही तुझीच,
आणि म्हणूनच दाराला आतून कडी लावलेली,
अक्का